फेरनिवड

एकदा निवडलेलं पुन्हा निवडायला बसलं की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘पहिल्यांदाच नीट का नाही केलं?’ फेरमोजणी, फेरतपासणी, फेरचौकशी असे शब्द कानावर आले की आपल्याला आधी संशय येतो: कुठंतरी घोळ झाला असणार, कुणीतरी कामात कुचराई केली असणार. मला हे पटेनासं झालं आहे. मन लावून केलेली निवडसुद्धा पुन्हा करावी लागते. का करावी लागते, ते मला जळगावच्या एका डाळ मिलमध्ये समजलं.

माझा मावसभाऊ तिथे सॉर्टेक्स, म्हणजे डाळीचे दाणे निवडणारं मशीन चालवतो. जळगावला सोनं आणि केळी यांचं नाव मोठं, पण डाळीचा धंदाही जुना आणि दूरवर माल पाठवणारा. तूर येते ती माती, काड्या, खडे सोबत घेऊनच. चाळण्यांवरून उतरते, खडे वेगळे होतात, रोलमध्ये सालीला ओरखडे पडतात, तेल लागतं, पाणी लागतं, ऊन दाखवलं जातं, मग साल सुटून डाळ होते. तुकडे आणि चुरा म्हणजे चुणी, ती ढोरांच्या आंबोणाला. एवढं सगळं झाल्यावर शेवटी सॉर्टेक्स.

डाळ वरून उतरत्या पट्ट्यांवर पातळ थरात घसरत येते. एका ठिकाणी तिच्यावर लख्ख उजेड पडतो आणि तिथेच कॅमेरे बसवलेले असतात. काळपट, किडका, साल राहिलेला दाणा कॅमेऱ्याला दिसला की बारीक तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि तो दाणा बाजूच्या वाटेला उडतो. आपल्या डोळ्याला यातलं काहीच टिपता येत नाही, नुसती टिकटिक चालू असते. चांगली डाळ समोरच्या पोत्यात, वाईट मागच्या डब्यात.

मी मागच्या डब्यातली मूठभर डाळ उचलून तळहातावर पसरली. काळे दाणे होते, पण त्यांच्यात पिवळे, अखंड, काहीही न बिघडलेले दाणेही पुष्कळ होते. मला वाटलं मशीन बिघडलंय. भाऊ म्हणाला, ‘नाही ताई, हवा काही एकाच दाण्याला लागत नाही ना. काळ्याला उडवताना शेजारचा चांगलाही उडतो.’ मग त्याने दाखवलं, तो मागचा माल तसाच सोडून देत नाहीत. तो लिफ्टने पुन्हा वर जातो आणि दुसऱ्या पट्ट्यांवरून उतरतो. त्याला ते सगळे ‘रिसॉर्ट’ म्हणतात, म्हणजे पुन्हा सॉर्ट, पुन्हा निवड. ‘हा रिसॉर्टला टाक’, ‘रिसॉर्टचा माल बघ जरा’ असं दिवसभर चालतं. तिथे शेजारी अडकलेले चांगले दाणे सुटतात आणि परत पहिल्या प्रवाहात जातात. त्यानंतरही जे उरतं ते खरोखरच बाजूला काढण्याजोगं.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. मशीनची नजर किती तिखट ठेवायची हे त्याच्या हातात असतं. तिखट केली तर समोरची डाळ एकदम स्वच्छ निघते, पण मागे चांगला माल जास्त जातो. नजर सैल केली तर मागे नासधूस कमी, पण समोरच्या पोत्यात एखादा काळा राहतो. दोन्ही एकाच वेळी साधत नाही. म्हणून चांगली मिल नजर तिखट ठेवते आणि रिसॉर्ट चालू ठेवते. ज्या दिवशी रिसॉर्टची बाजू बंद असते, त्या दिवशी माणूस नजर सैल करतो किंवा नुकसान सोसतो.

तेव्हापासून कुठलीही यादी, कुठलीही प्रतवारी, कुठलाही नकाशा बघताना मी हेच शोधते की मागच्या डब्याचं काय केलं.

माझी माय निवडायला बसते तेव्हा हे तिच्या हातात मुळातच आहे. उन्हाळ्यात वर्षाचे दाणे भरायचे असले की ती सूप घेऊन ओट्यावर बसते. पाखडते, घोळते, मग वेचते. पाखडल्याने हलकं जातं, घोळल्याने जड खाली बसतं, आणि जे खडे दाण्याच्याच मापाचे आणि दाण्याच्याच रंगाचे असतात ते मात्र बोटांनीच काढावे लागतात. पण तिने बाजूला काढलेला पसाभर कचरा ती त्याच दिवशी उकिरड्यावर टाकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात ताटात पसरून पुन्हा बघते. आम्ही घाई केली की म्हणते, ‘थांब, त्यामा आखो दाना शेतस.’ त्यात अजून दाणे आहेत.

कापसातही तसंच. वेचताना पांढरीशुभ्र बोंडं एका झोळीत आणि किडीने पिवळट पडलेली कवडी दुसऱ्या झोळीत टाकणाऱ्या बाया मी लहानपणापासून बघत आले. पहिल्या वेचणीचा कापूस वेगळा, शेवटच्या फरतडीचा वेगळा. घरी आल्यावर वेचलेला कापूस पुन्हा हाताखालून जायचा, पातेरा निघायचा. व्यापाऱ्याकडे गाडी रिकामी होताना हे सगळे ढीग एक व्हायचे आणि सगळ्याला एकच भाव मिळायचा, तेव्हा त्या बायांच्या दोन झोळ्यांचं काय झालं, हा प्रश्न मला फार छळायचा. अजूनही छळतो. निवडणाऱ्या हातांना त्या निवडीचं मोल मिळालं नाही, की पुढच्या वर्षी दुसरी झोळी घरीच राहते.

दुसरी गोष्ट मामांची. मामा भुसावळला आर.एम.एस.मध्ये होते, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे डाक सेवेत. त्यांची उमेद टपालाच्या डब्यात गेली. गाडी पळतेय, डबा हलतोय, समोर लाकडी खणांची भिंत, आणि एकेक पत्र ज्याच्या-त्याच्या खणात. पुढचं स्टेशन यायच्या आत त्या स्टेशनची थैली बांधून, शिवून, लाख लावून तयार पाहिजे. त्या काळी सॉर्टरला कुठलं गाव कुठल्या पोस्टाखाली येतं आणि ते पोस्ट कुठल्या गाडीने गाठायचं, हे तोंडपाठ असावं लागायचं. त्याची परीक्षा असायची. आणि आपल्याकडे तर पिंप्री किती, वडगाव किती, सावखेडे किती! मामा म्हणायचे, पत्रावर तालुका लिहिला नसेल तर अक्षर आणि आडनाव बघून अंदाज बांधावा लागतो.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांतला पहिला विभाग सांगतो, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटपाचं पोस्ट. आता गंमत बघा. ‘छाननीचा जिल्हा’ म्हटलं की आपण आपला जिल्हा धरून चालतो. पण जळगाव ४२५००१ आणि धुळे ४२४००१ हे धरून बाकीच्या गावांचे आकडे लावून बघा. जळगाव जिल्ह्यातलं चाळीसगाव ४२४१०१, पाचोरा ४२४२०१, जामनेर ४२४२०६, म्हणजे तिन्ही धुळ्याच्या आकड्यात. उलट धुळे जिल्ह्यातलं शिरपूर ४२५४०५, दोंडाईचा ४२५४०८, आणि तेव्हा धुळे जिल्ह्यातच असलेलं नंदुरबार ४२५४१२, ही सगळी जळगावच्या आकड्यात. शेजारी रेल्वेचा नकाशा ठेवला की चित्र स्पष्ट दिसतं. चाळीसगावहून धुळ्याला फाटा जातो, पाचोऱ्याहून जामनेरला छोटी गाडी जायची. दोंडाईचा आणि नंदुरबार हे तापीकाठच्या सुरत मार्गावरचे, अमळनेरच्या पुढचे. कलेक्टर कचेरीने तालुके एका तऱ्हेने लावले, टपालाने तेच तालुके दुसऱ्या तऱ्हेने लावले. दोघांपैकी कुणाचंच चुकलेलं नाही. एकाला महसूल गोळा करायचा होता, दुसऱ्याला पत्र पोचवायचं होतं.

मामांच्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे चुकलेली पत्रं. भलत्याच गावी पोचलेल्या पत्रावर ‘मिससेंट’चा शिक्का मारून ते परत छाननीला यायचं. ज्याचा पत्ता कुणालाच लागत नाही ते परतपत्र कार्यालयाकडे, तिथल्या कर्मचाऱ्याला ते उघडून आत काही धागादोरा मिळतो का बघायची मुभा. एवढ्या मोठ्या देशाच्या टपालखात्याने मागच्या डब्यासाठी स्वतंत्र कचेरी ठेवली, स्वतंत्र माणसं नेमली, त्यांना स्वतंत्र अधिकार दिले. हलत्या डब्यात, कंदिलासारख्या उजेडात, रात्रभर उभं राहून लावलेल्या लाखो पत्रांत काही भलत्या खणात जाणारच हे खात्याने आधीच धरलेलं होतं. मामांना त्या शिक्क्याची लाज वाटायची नाही. ‘शिक्का बसला म्हणजे पत्र जिवंत आहे,’ असं ते म्हणायचे.

आता खान्देशाचंच घ्या. हा मुलूख कितीदा नव्याने लावला गेला! १८१८ मध्ये इंग्रजांकडे आला तेव्हा एकच मोठा जिल्हा. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला आणि मालेगाव, बागलाण तिकडे गेले. १९०६ मध्ये उरलेल्याचे पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, त्यांची जळगाव आणि धुळे अशी नावं झाली, आणि पश्चिमेकडची काही गावं गुजरातला गेली. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. मालेगाव-सटाण्याकडे लग्नाला गेलं की तिथल्या बाया ओव्या त्याच म्हणतात, बोलणं तेच, मिरचीचा ठेचाही तोच. दीडशे वर्षांपूर्वी कचेरी बदलली, सोयरिकी बदलल्या नाहीत.

नवापूरचं स्टेशन ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. स्टेशन आधीचं, राज्यांची हद्द नंतरची. १९६० ला हद्द आखली ती फलाटावरूनच गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तर गुजरातमध्ये. फलाटावरच्या बाकावर मधोमध रेघ आहे, एका टोकाला बसलेला माणूस एका राज्यात आणि दुसऱ्या टोकाचा दुसऱ्या राज्यात. लोक तिथे हौसेने फोटो काढतात. मी तिथे बसले तेव्हा शेजारी एक म्हातारी बाई भाजीची पाटी घेऊन बसली होती. तिच्या बोलण्यातून ती कुठल्या बाजूची हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही, आणि तिलाही ते सांगावंसं वाटलं नाही.

पण सगळ्या फेरमांडण्या अशा बाकावर बसून बघण्यासारख्या नसतात. १८५२ मध्ये खान्देशात जमिनीची पाहणी आणि प्रतवारी सुरू झाली. मुंबई इलाख्याची ती पद्धत मोठी बारकाईची होती. मातीचा रंग आणि पोत बघायचा, खोली हातात मोजायची, पावणेदोन हात खोल काळी जमीन म्हणजे सोळा आणे, आणि मग खोली कमी होईल तसे आणे उतरायचे. चुनखडी आहे, रेताड आहे, उतार आहे, पाणी साचतं, असा प्रत्येक दोष निघाला की आणे आणखी कमी. कागदावर ही पद्धत जुन्या अंदाजी आकारणीपेक्षा न्याय्य होती, हे मी मानते. तरीही सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात शेतकरी हजारोंनी जमले आणि पाहणीच नको म्हणाले. फौज आणावी लागली, पुढारी पकडले गेले, आणि पाहणी पुढे रेटली गेली.

सरकारी कागदांत याला ‘दंगा’ म्हटलंय. मला त्या लोकांची बाजू कळते. जमीन नव्याने लावायला आलेला माणूस साखळी घेऊन आला, खड्डा खणला, मातीची खोली बघितली आणि आकडा लिहून गेला. ज्याने त्या जमिनीत बापजाद्यांपासून नांगर धरला त्याला कुणी विचारलं नाही की इथे कुठल्या साली काय पिकतं, कुठल्या कोपऱ्यात ज्वारी पिवळी पडते, विहिरीला कधीपर्यंत पाणी असतं. कर वाढेल ही धास्ती होतीच, पण त्याच्या पोटात हेही असणार की आपलीच जमीन आणि तिची प्रत ठरवणार दुसरा, तीही आपल्याशी एक शब्द न बोलता. आमच्या सातबाऱ्यावर आकारणीचे जे किरकोळ रुपये-पैसे दिसतात त्यांच्या मुळाशी अजून ती जुनी प्रतवारी आहे. ज्या बरड तुकड्याला तेव्हा कमी आणे मिळाले, तिथे आज ठिबकवर केळी उभी आहे. कागदाला त्याची खबर नाही.

जमिनीचं हे, तर माणसाच्या बोलीचं काय होत असेल?

ग्रियर्सन साहेबांनी हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली तेव्हा मराठीचा खंड १९०५ मध्ये आला. त्यात आमची अहिराणी नाही. ती आली १९०७ च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, ‘खान्देशी’ या नावाखाली, भिल्ली बोलींच्या सोबत. सगळ्या बोलींतून त्यांनी एकाच गोष्टीचे नमुने मागवले होते, बायबलातल्या उधळ्या मुलाची गोष्ट, म्हणजे सगळीकडे तेच वाक्य आणि त्यावरून तुलना. ‘घरात’ ऐवजी आमच्याकडे ‘घरमा’. ‘मला’ ऐवजी ‘माले’. ‘आहे’ ऐवजी ‘शे’. ‘माझं’ ऐवजी ‘मन्ह’. व्याकरणाच्या या सांध्यांवर बोट ठेवून त्यांनी ती मराठीच्या खणातून काढली आणि गुजराती-भिल्लीच्या शेजारी ठेवली. पुढच्या अभ्यासकांत यावर वाद झाले, कुणी तिला मराठीची बोली म्हटलं, कुणी स्वतंत्र भाषा, कुणी दोहोंच्या मधली. वाद व्हायलाच हवेत. शेवटी तेच खण, तेच पत्र, पण पत्ता वाचणारा दुसरा.

मला जास्त कुतूहल वाटतं ते जनगणनेच्या आकड्यांचं. जनगणनेत खान्देशी ही मराठीखाली न जाता वेगळी मोजली जाते आणि अहिराणी तिच्यात धरली जाते. १९९१ ला तिचे बोलणारे दहा लाखांच्या आत होते. २००१ ला वीस लाखांच्या वर गेले. २०११ ला पुन्हा साडेअठरा लाखांच्या आसपास आले. दहा वर्षांत एवढी लेकरं जन्मत नाहीत आणि पुढच्या दहा वर्षांत एवढी माणसं मुकी होत नाहीत. बदललं ते उत्तर. दारात आलेल्या प्रगणकाने ‘मातृभाषा?’ म्हणून विचारल्यावर कुणी अहिराणी सांगितलं, कुणी मराठी. कित्येक घरांत तर प्रगणकानेच न विचारता मराठी लिहून टाकलं असेल, आणि त्यात त्याचा काही वाईट हेतू असेल असं मला वाटत नाही. समोरचा माणूस त्याच्याशी मराठीत बोलत होता ना! आपल्याकडे पाहुण्याशी मराठी आणि चुलीपाशी अहिराणी, हा शिष्टाचार आहे. त्या शिष्टाचारापायी बोली मागच्या डब्यात जाते. आणि यावल-रावेरची लेवा गणबोली, जामनेरकडची तावडी, यांचं तर या मोजणीत नावही वर येत नाही.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे हे आकडे माझ्यासाठी नुसते आकडे राहत नाहीत. दरवर्षी मुलांची वाचन-पातळी ठरवायची असते. अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या. मूल ज्या पायरीवर अडखळतं तिथे त्याचं नाव. ही पाहणी करायलाच हवी, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. तिच्यामुळे मागे पडलेलं मूल निदान कुणाच्या तरी नजरेस पडतं.

चौथीत एक मुलगा आला, आधीच्या शाळेतून आलेल्या नोंदीत तो ‘शब्द’ पातळीवर होता. म्हणजे सुटे शब्द वाचतो, वाक्य वाचता येत नाही. मी त्याला जवळ घेऊन बसले आणि धडा पुढे ठेवला. छापलेलं होतं, ‘आजी घरात आहे.’ तो बोट ठेवून म्हणाला, ‘आजी घरमा शे.’ पुढचं वाक्य, ‘मला भूक लागली.’ त्याने वाचलं, ‘माले भूक लागनी.’ न अडखळता, हेल काढून, गोष्ट सांगावी तसं. नोंदीच्या हिशेबाने प्रत्येक वाक्यात एक-दोन शब्द चुकलेले. पण नीट ऐकलं तर त्या पोराने डोळ्यांनी मराठी वाचली होती, तिचा अर्थ मनात धरला होता आणि तोंडाने तो आपल्या भाषेत सांगितला होता. ज्याला वाक्य वाचता येत नाही त्याला हे जमणारच नाही. अक्षराला अक्षर लावून ‘घ-रा-त’ म्हणणारा, पण घरात कोण आहे हे विचारल्यावर गप्प बसणारा मुलगा त्याच यादीत त्याच्या दोन पायऱ्या वर होता.

नोंद करणाऱ्या शिक्षकाला मी नावं ठेवणार नाही. त्यांच्या हातात जो तक्ता होता त्यात ‘जसं छापलंय तसं वाचलं का’ एवढाच प्रश्न होता. नजर तिखट होती, आणि झोत शेजारच्याला लागला.

मग आम्ही त्या खालच्या गटातल्या सगळ्या मुलांना पुन्हा ऐकलं. ऐकताना दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या, अक्षर ओळखता येतं का आणि वाचलेलं आपल्या बोलीत सांगता येतं का. दुसरा प्रश्न विचारल्याबरोबर गट हलला. काही मुलं खरोखर अक्षरापाशी अडकलेली होती, त्यांना तिथूनच धरायचं होतं. काही जणांना डोळ्यांचा त्रास निघाला, फळा दिसत नव्हता. एक मुलगी अजिबात न बोलणारी, तिला वाचता छान येत होतं, पण मोठ्याने वाचायला लाज वाटायची, कारण ती बोलली की बाकीचे हसायचे. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेल्या पावरी बोलणाऱ्या दोघांसाठी मला त्यांच्याच वर्गातला मित्र दुभाषी म्हणून बसवावा लागला. त्यांना आधी कुणी त्यांच्या भाषेत प्रश्नच विचारला नव्हता.

त्या मुलाला आता ‘घरात’ म्हणता येतं. परीक्षेत त्याने ‘घरात’च लिहावं, हे मी त्याला शिकवते आणि शिकवत राहीन. पण वर्गात गोष्ट सांगायची वेळ आली की तो ‘घरमा’ म्हणतो आणि ते कुणी खोडत नाही. भिंतीवर आम्ही एक मोठा कागद लावलाय. एका बाजूला पुस्तकातला शब्द, दुसऱ्या बाजूला घरचा. मुलं रोज भर घालतात. परवा कुणीतरी ‘अजून’च्या समोर ‘आखो’ लिहून ठेवलं होतं, माझ्या मायचाच शब्द.

२०२७ च्या जनगणनेची कामं आता दारात येतील. त्यात मातृभाषेचा रकाना असतो, आणि त्याखेरीज येत असलेल्या आणखी दोन भाषा सांगायची सोय असते. म्हणजे अहिराणी सांगितली म्हणून मराठी खोडली जात नाही. मातृभाषा अहिराणी, येणाऱ्या भाषा मराठी आणि हिंदी, असं सरळ लिहिता येतं. माणूस जे सांगेल तेच प्रगणकाने लिहायचं, आपल्या मनाने बदलायचं नाही, हाही नियम आहे. आमच्या शाळेतल्या शिक्षकांनाच बहुधा हे काम लागेल, म्हणून मी सहकाऱ्यांना सांगत असते, समोरच्या घरात तुमच्याशी मराठीत बोलले तरी तो रकाना विचारूनच भरा. आणि विचारताना ‘मराठीच ना?’ असं विचारू नका. मायशी कुठल्या बोलीत बोलता, असं विचारा. मी आमच्या गल्लीतही हेच सांगत फिरतेय. मायने तर आत्ताच पाठ करून ठेवलंय: ‘आमनी भाषा आहिरानी शे, लिखी ले.’